तुमची वाटी किती मिलीची?

‘एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तूप.’ मराठी घरातली जवळजवळ प्रत्येक कृती अशीच सांगितली जाते, आणि त्या घरात ती बिनचूक उतरते. रवा मोजायची वाटी, साखर मोजायची वाटी आणि मोजणारा हात, सगळं वर्षानुवर्षं तेच असतं. पदार्थ बिघडतो तो कृती दुसऱ्या घरात गेल्यावर. तिथे आमटीची वाटी मोठी असते, रवा बारीक असतो, तूप थिजलेलं असतं. मग ‘तू सांगितलंस तसंच केलं, तरी लाडू बसले’ असा फोन येतो.

यावर उपाय म्हणून वाटीचे ग्रॅम करून घ्यावेत हे सगळ्यांना पटतं. पण इंटरनेटवरचा कुठलातरी तक्ता उघडून ‘१ कप मैदा = १२० ग्रॅम’ एवढंच उचललं की नवी चूक पदरी येते. मापावरून वजन काढायला तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: भांडं किती मिलीचं आहे, जिन्नस त्यात कसा भरला, आणि तो कोणत्या रूपात होता (अख्खा की दळलेला, पातळ की थिजलेला). यातली एक जरी चुकली तरी वजनकाट्यावर दिसणारा अचूक आकडा काही कामाचा नाही.

आधी भांडं. ‘वाटी’ हे प्रमाणित माप नाही. ताटात आमटीसाठी ठेवतो ती स्टीलची वाटी साधारण १५० ते २०० मिलीची असते, नैवेद्याची त्याच्या निम्मी किंवा त्याहून लहान, आणि खिरीसाठी काढतात ती सहज २५० मिलीच्या पुढे जाते. कपाचंही तसंच आहे. अमेरिकेतला कप सुमारे २३७ मिलीचा, तिथल्या पाकिटांवरच्या पोषणमूल्यांसाठी तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियातला कप २५० मिलीचा, जपानमधला २०० आणि राइस कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा. आपल्याकडे मिळणाऱ्या मापकपांच्या संचांत काही २४०चे असतात, काही २५०चे. दांड्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, ते एकदा वाचून ठेवा. मेलबर्नच्या बहिणीने पाठवलेली केकची कृती न्यू जर्सीच्या वहिनीने केली तर कपात फारसा फरक पडणार नाही, पण टेबलस्पून मात्र दगा देईल. ऑस्ट्रेलियात तो २० मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा. बेकिंग पावडर टेबलस्पूनने सांगितली असेल तर तेवढ्यानेच केक कमी फुगतो.

आपली वाटी मोजायला पाच मिनिटं पुरतात. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा. वाटी काट्यावरच असू द्या आणि तिच्यात काठाला टेकेल इतकं पाणी ओता. काठाच्या वर पाण्याला फुगवटा येतो, तो येऊ देऊ नका. जे ग्रॅम दिसतील तेच मिली. आपल्या हवेत पाण्याचं एक मिलीचं वजन एक ग्रॅमपेक्षा किंचित कमी भरतं, पण तो फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, म्हणून सोडून द्यायचा. हेच तीनदा करा. आकडा आला की तो वाटीच्या बुडाला न पुसणाऱ्या पेनाने लिहा आणि ती वाटी मापासाठी बाजूला काढून ठेवा. ती ताटात जाऊ लागली की चारसहा महिन्यांत तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वाटीशी अदलाबदल होतेच.

चमचेही असेच मोजावेत. मापसंचातला टीस्पून ५ मिलीचा असतो. ‘पोह्यांचा चमचा’ आणि ‘चहाचा चमचा’ घरागणिक बदलतात. एका चमच्याचं पाणी मोजण्यापेक्षा दहा चमचे वाटीत ओतून वजन करा आणि दहाने भागा. लहान आकड्यात काट्याची चूक मोठी दिसते, ती अशाने विभागली जाते.

आता भरण्याची पद्धत. खरी गडबड इथे असते. शीग हा शब्द आता फक्त ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ या वाक्यात उरलाय, पण तो मापाचाच शब्द आहे: काठाच्या वर धान्याची जी रास उभी राहते ती शीग. चिपटं, मापटं, शेर, अडशेरी, पायली या सगळ्या मापांत शीग लावून की सपाट, हे ठरवूनच व्यवहार होत असे. शीग किती मोठी असते याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. वाटीचं तोंड ८ सेंटिमीटर रुंद असेल आणि धान्याची रास साधारण ३० अंशांच्या उताराने बसली, तर शिगेतच ३८ मिलीच्या आसपास जिन्नस मावतो. वाटी १५० मिलीची असेल तर हा पाव वाटीचा फरक झाला. त्यात पसरट वाटीवर शीग मोठी होते आणि उभ्या पेल्यावर लहान, म्हणून ‘शीग लावून एक वाटी’ या मापाचं ग्रॅममध्ये रूपांतर होऊ शकत नाही. वाटी नेहमी सुरीच्या पाठीने किंवा उलथन्याच्या सरळ कडेने सपाट करावी. बोटाने सपाट करताना पीठ दाबलं जातं.

धान्याचं आणि साखरेचं सपाट माप बऱ्यापैकी विश्वासाचं असतं, कारण दाणे दाबले जात नाहीत. पिठाचं मात्र हातावर अवलंबून असतं. डब्यातला मैदा चमच्याने हलवून, हलक्या हाताने वाटीत टाकून सपाट केला तर १०० मिलीत ५० ग्रॅमच्या आसपास बसतो. वाटीच डब्यात खुपसून भरली तर तो ६० पर्यंत जातो. वर वाटी ओट्यावर दोनदा आपटली की आणखी चढतो. अडीचशे मिलीच्या कपात हा फरक २५ ग्रॅमच्या वर जातो, आणि केकमध्ये २५ ग्रॅम मैदा जास्त झाला की केक कोरडा होतो, वर भेग पडते. कणकेचंही असंच. गिरणीतून नुकतंच आलेलं गरम पीठ फुगीर असतं. डब्यात दोन दिवस बसलं की तेच पीठ कमी जागा घेतं. वजन तेवढंच राहतं.

मापांचे आकडे द्यायचे तर वाटीपेक्षा १०० मिलीचे द्यावेत, म्हणजे कुठल्याही भांड्याला लावता येतात. वाटी १६० मिलीची असेल तर १.६ ने गुणायचं, झालं. सपाट मापाचे, दाबलेले नसलेले आकडे असे, ग्रॅममध्ये:

पाणी १००, दूध १०३, घोटलेलं दही १०३, तेल ९१ ते ९२, पातळ केलेलं तूप ९१, मध १४०.
तांदूळ ७८ ते ८५, तूर-मूग-हरभरा-उडीद डाळी ८० ते ८५, साबुदाणा ६३ ते ७२, रवा ६८ ते ७३, जाडे पोहे ३० ते ४०, शेंगदाणे ६० ते ६३, तीळ ६०, धने ३५.
मैदा ५० ते ५२, कणीक ५० ते ५५, बेसन ४० ते ५५, तांदळाची पिठी ५० ते ६५, कॉर्नफ्लोअर ५३, कोको ३५, दाण्याचं कूट ४२ ते ५०.
साखर ८३ ते ८८, पिठीसाखर ५० ते ५५, किसलेला सुटा गूळ ६० ते ६५, तोच चेपून ९०, खवलेला ओला नारळ ३३ ते ४५.
बारीक मीठ १२०, जाडं मीठ ९५ ते ११०.

जिथे दोन आकडे आहेत तिथे आपलं पीठ, आपला गूळ घरी मोजूनच नक्की करा. बेसनाची दोन टोकं एवढी लांब आहेत कारण चाळलेलं बारीक बेसन आणि लाडवाचं रवाळ बेसन या जवळपास दोन वेगळ्या वस्तू आहेत.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर स्वयंपाकघरातले कितीतरी जुने वाद मिटतात. पुरणपोळीचंच घ्या. एक घर म्हणतं, डाळीला गूळ बरोबरीने. दुसरं म्हणतं, एका वाटीला सव्वा वाटी, नाहीतर पुरण अगोड. आता १५० मिलीच्या वाटीत हरभऱ्याची डाळ सुमारे १२३ ग्रॅम बसते आणि किसलेला सुटा गूळ ९५ ग्रॅम. म्हणजे १२३ ग्रॅम डाळीला बरोबरीचा गूळ घ्यायचा तर तो सव्वा वाटीच्या जरा वरच जातो. पहिलं घर किलोने बोलतंय, दुसरं वाटीने, आणि पुरण एकच आहे. पण गूळ चिरून वाटीत चेपून भरणारं तिसरं घर ‘सव्वा वाटी’ घेईल तर डाळीच्या जवळपास १.४ पट, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम गूळ पडेल. पुरण शिजताना सैल होईल, आटवायला वेळ लागेल आणि पोळी लाटताना कडेने फुटेल. गूळ म्हणूनच किसण्याआधी, ढेपेचा खडा असतानाच वजन करून घ्यावा. किसायचे कष्ट तेवढेच राहतात आणि मोजताना वाटीला चिकटून वाया जाणाराही वाचतो.

नानकटाईत याच्या उलटी चूक होते. बेकरीत प्रमाण वजनाचं असतं आणि ते मैद्याला शंभर धरून सांगतात: मैदा १०० तर तूप ५० ते ६०, पिठीसाखर ५० ते ६०. हे कानावर पडलं की घरी सरळ त्याचं ‘एक वाटी मैदा, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी पिठीसाखर’ असं भाषांतर होतं. १५० मिलीच्या वाटीत मैदा ७६ ग्रॅम. अर्धी वाटी पातळ तूप ६८ ग्रॅम. म्हणजे तूप मैद्याच्या निम्मं राहिलं नाही, नव्वद टक्के झालं. अशी नानकटाई ट्रेमध्ये पसरते, कडा तळल्यासारख्या होतात आणि गार झाल्यावर हातात घेताच चुरा होतो. ‘तूप चांगलं नव्हतं’, ‘ओव्हन कमी तापला’ अशी कारणं शोधली जातात. पिठीसाखरेचं माप मात्र बरोबर आलेलं असतं, कारण मैदा आणि पिठीसाखर यांची घनता जवळजवळ सारखी आहे. योगायोगानेच ते जमतं, पण त्यामुळे तुपाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

तुपाबद्दल आणखी एक. थिजलेलं रवाळ तूप चमच्याने वाटीत भरताना मधे हवा राहते आणि वर डोंगर होतो. या दोन चुका कधी एकमेकींना खोडतात, कधी नाही. कृतीत ‘अर्धी वाटी तूप’ असेल तर ते पातळ करून मोजलेलं की थिजलेलं, हे सांगणाऱ्यालाच विचारा. वजन माहीत झालं की हा प्रश्न उरत नाही. थिजलेलं असो वा पातळ, ७० ग्रॅम तूप ७० ग्रॅमच. तेलाचा हाच गुण पाकिटांवर दिसतो. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंश तापमानाला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. पाकिटावर जास्त तापमान छापून तेल कमी देण्याला वाव राहू नये म्हणून ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये तेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून मापासोबत नेमकं वजन छापायला सांगितलं. म्हणून आता एक लिटरच्या पिशवीवर शेजारी ९१० ग्रॅम असा आकडा दिसतो. घरच्या रूपांतराला तोच वापरा.

बेसनाच्या लाडवांत घोळ होतो तो पिठीसाखरेचा. साखर दळली की फुगते. १५० मिलीच्या वाटीतली १२७ ग्रॅम साखर दळल्यावर दीड वाटीच्या वर भरते. ‘एक वाटी साखर, दळून’ आणि ‘एक वाटी दळलेली साखर’ यांत ४५ ग्रॅमचा फरक आहे आणि तो फक्त शब्दांच्या क्रमात लपलाय. दाण्याच्या कुटाचं तेच: ‘वाटीभर दाण्यांचं कूट’ म्हणजे दाणे वाटीभर, की कूट वाटीभर? नारळाची तर तऱ्हाच वेगळी. ‘नारळाची एक वाटी’ म्हणजे फोडलेल्या नारळाचं अर्धं भकल, आणि ‘एक वाटी नारळ’ म्हणजे खवून मोजलेला. मध्यम नारळाच्या अर्ध्या भकलाचा चव (खवलेलं खोबरं) एका वाटीपेक्षा बराच जास्त निघतो. कृती लिहून घेताना हे तिथल्या तिथे विचारून घेतलं पाहिजे, नंतर कुठल्याही तक्त्यातून ते कळत नाही.

उकडीच्या मोदकांना ‘पिठीइतकंच पाणी’ सांगतात. वाटीला वाटी. नुकती चाळलेली हलकी पिठी १५० मिलीत ७५ ग्रॅम बसते, पिशवीतून दाबून काढलेली ९८ ग्रॅमपर्यंत. पाणी दोन्हीकडे १५० ग्रॅम. एका उकडीत पाणी पिठीच्या दुप्पट पडलं आणि दुसरीत दीडपट. पहिली हाताला चिकटते, पारी उभी राहत नाही. दुसरीच्या पाकळ्यांना चिरा पडतात आणि वाफवल्यावर मोदक फुटतो. दोष तांदळाला दिला जातो, आणि तांदळाचा वाटा असतोही: नवा-जुना तांदूळ, धुऊन वाळवलेली पिठी की कोरडी दळलेली, यांवर पाणी बदलतं. म्हणून इथे बाहेरचा आकडा आणून बसवण्यापेक्षा आपली जमलेली खेप वजनात लिहून ठेवावी. ज्या दिवशी उकड मनासारखी झाली त्या दिवशीची पिठी किती ग्रॅम होती आणि पाणी किती, एवढं लिहिलं की त्याच गिरणीच्या, त्याच तांदळाच्या पिठीला ते प्रमाण पुढे चालतं. उकळताना उडून गेलेलं पाणी पकडायचं असेल तर झाकण आणि गॅसची आच तीच ठेवा.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. वाटीचं प्रमाण आणि ग्रॅमचं प्रमाण ही दोन वेगळी प्रमाणं आहेत, आकडे तेच ठेवून एकाचं दुसरं करता येत नाही. ‘भाताला दुप्पट पाणी’ हे वाटीचं आहे. २०० ग्रॅम तांदूळ घेऊन ४०० ग्रॅम पाणी घातलं तर भात कचवट राहील, कारण २०० ग्रॅम तांदळाने २५० मिली जागा व्यापलेली असते आणि त्याचं दुप्पट ५०० मिली होतं. वजनात ते एकास अडीच झालं. उपम्याला रव्याच्या अडीच पट पाणी म्हणजे वजनात साडेतीन पट. घाईत काट्यावर स्वयंपाक सुरू करणाऱ्यांची ही हमखास होणारी चूक आहे.

चकलीच्या भाजणीत मात्र गंमत उलटी आहे. तांदूळ आणि सगळ्या डाळी १०० मिलीला ८०च्या आसपासच बसतात, म्हणून चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ हे प्रमाण वजनातही जवळजवळ चारास दोनास एकच राहतं. इथे वाटी पुरेशी आहे, काटा काढायची गरज नाही. फक्त पोहे आणि धने वेगळे धरा. पाव वाटी पोहे म्हणजे पाव वाटी डाळीच्या वजनाच्या निम्म्याहून कमी. कुणी सगळंच ग्रॅममध्ये बदलताना ‘एक वाटी डाळ शंभर ग्रॅम, म्हणून पाव वाटी पोहे पंचवीस ग्रॅम’ असं केलं तर पोहे दुप्पट पडतील. भाजणी दळून आल्यावर मात्र तिला पाणी आणि मोहन घालताना पीठच मोजायचं असतं, तेव्हा पुन्हा वजनावर या.

मिठाचं रूपांतर सगळ्यांत काळजीने करावं, लोणच्यात तर नक्कीच. जुन्या कृतींतलं ‘वाटीभर मीठ’ बहुधा जाड्या मिठाचं असतं. १५० मिलीच्या वाटीत जाडं मीठ साधारण १५० ग्रॅम, आणि पाकिटातलं बारीक मीठ १८०. किलोभर कैरीच्या फोडींना तीस ग्रॅम मीठ जास्त म्हणजे लोणचं खारट. पण खरी काळजी उलट दिशेची: बारीक मिठाने बसवलेली कृती कुणी जाड्या मिठाने तेवढ्याच वाट्या घालून केली तर मीठ कमी पडतं आणि वर्षाचं लोणचं पावसाळ्यात बुरसटतं. फोडींच्या वजनाला मिठाचे टक्के लिहून ठेवले, म्हणजे किलोला १८० ग्रॅम असेल तर १८ टक्के, की यंदा कैऱ्या सव्वातीन किलो आल्या तरी हिशोब सोपा होतो.

काट्याविषयी. ५ किलो क्षमतेचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा बहुतेक कामांना पुरतो. त्याच्या खोडी माहीत असाव्यात. बरेच काटे आपोआप शून्य सांभाळतात. त्यावर चिमूट-चिमूट करत हळूहळू काही टाकलं तर काटा त्या वाढीला स्वतःची चूक समजून गिळतो आणि आकडा हलतच नाही. यीस्ट किंवा सोडा असा टाकत बसलात तर काटा २ ग्रॅम दाखवतो आणि प्रत्यक्षात ४ पडलेले असतात. वेगळ्या वाटीत काढून ती एकदम ठेवा. बॅटरी उतरली की आकडा नाचतो. ओटा उताराचा असेल किंवा काट्याखाली कणीक सांडली असेल तरीही तसंच. मोठं पातेलं ठेवलं की आकडा त्याच्या खाली झाकला जातो, तेव्हा आधी उलटी वाटी ठेवून वर पातेलं ठेवावं आणि मग शून्य करावं. काट्यावर ‘मिली’चं बटण असेल तर ते पाणी धरून चालतं, त्यावर १०० मिली तेल मोजलं तर प्रत्यक्षात १०९ मिली पडतं. काटा खरा आहे का, हे वीस रुपयांच्या नाण्यांनी तपासता येतं. एक नाणं ८.५४ ग्रॅमचं आहे, दहा नाणी ठेवली की ८५ दिसायला हवेत.

पाच ग्रॅमच्या खालच्या गोष्टी या काट्यावर मोजूच नका. मापाचा टीस्पून तिथे जास्त खरा: सपाट टीस्पूनभर बारीक मीठ ६ ग्रॅम, खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर साडेचारच्या आसपास, हळद ३. फोडणीतली मोहरी, हिंग, जिरं ग्रॅममध्ये लिहिण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. तिथे तेल किती तापलं यावर चव ठरते, मोहरी अर्धा ग्रॅम जास्त झाल्याने काही होत नाही.

मध, गूळ, तूप, चिंचेचा कोळ अशा चिकट वस्तूंसाठी उलटं वजन करावं. बरणीच काट्यावर ठेवा, शून्य करा, आणि बरणीतून काढत जा. काटा उणे ६० दाखवेल तेव्हा ६० ग्रॅम पातेल्यात गेलेले असतात. वाटी धुवायला लागत नाही आणि वाटीला काही चिकटून राहत नाही.

याच युक्तीने घरातल्या जाणत्या हाताचा अंदाज कागदावर उतरवता येतो. आई, आजी किंवा सासूबाई मुठीने, डावाने, डोळ्याने घालत असतील तर त्यांना मधे थांबवून ‘थांबा, मोजू द्या’ म्हणू नये. हात अडखळतो आणि नेहमीचं प्रमाण बदलतं. स्वयंपाकाआधी रव्याचा डबा, साखरेचा डबा, तुपाची बरणी, मिठाचं भांडं यांची झाकणासकट वजनं करून कागदावर लिहा. त्यांना त्यांच्या पद्धतीने करू द्या. झाल्यावर तेच डबे पुन्हा मोजा. दोन वजनांतला फरक म्हणजे त्यांचं माप. दुधासाठी, पाण्यासाठी भरलेलं भांडं असंच आधी आणि नंतर मोजायचं. मीठ, वेलदोडे असं थोडकं सामान असेल तर वेगळ्या छोट्या वाटीत काढून त्यांच्या हाताशी ठेवा, म्हणजे मोठ्या डब्याच्या वजनात ते बुडून जाणार नाही. शेवटी तयार पदार्थाचंही वजन करा. शिऱ्यात, खव्यात, पाकात किती पाणी आटलं हे त्यावरूनच कळतं, आणि ‘छान मुरेपर्यंत’ म्हणजे काय याला आकडा मिळतो. एका खेपेवर विसंबू नका. तोच पदार्थ तीन वेळा असा मोजला की दिसतं, साखर दर वेळी दोनपाच ग्रॅमच्या आतच येते, पाणी मात्र चांगलंच हलतं. जे हलत नाही ते कागदावर पक्क्या आकड्याने लिहा. जे हलतं त्यापुढे ‘रवा जाड असेल तर ४० ग्रॅम जास्त’ अशी नोंद करा.

कागदावर सगळ्यांत वर मुख्य जिन्नस १०० ग्रॅम धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात लिहावं, आणि शेजारी वाटीचं मापही ठेवावं: ‘वाटी १५५ मिली, सपाट, बेसन रवाळ’. वजनकाटा बंद पडला किंवा गावी काटाच नसला तर त्या वाटीवरून परत येता येतं.